रिपोर्टमधले २०.१ नॅनोमीटर आणि न घेतलेली गोळी

या वेळचं पत्र देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. थोडं छोटं करून देते:

"मॅडम नमस्कार. आमची आंब्याची बाग आहे. मिस्टर ४६ वर्षांचे. सासरे ५४व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, मोठे दीर मुंबईला असतात त्यांना ४९व्या वर्षी स्टेंट बसला, म्हणून घाबरून मिस्टरांचं पण रक्त तपासलं. टोटल कोलेस्टेरॉल १९६, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३४, एलडीएल ११४. इथल्या डॉक्टरांनी रोज रात्री घ्यायला एक गोळी लिहून दिली पण हे घेतच नाहीत, 'एलडीएल नॉर्मल आसा, माका काय्येक जाला नाय, गोळी कित्याक खावची?' म्हणतात. मग दिरांच्या सांगण्यावरून मुंबईच्या लॅबमधून महागातली टेस्ट केली, त्यात एलडीएल साइज २०.१ नॅनोमीटर, पॅटर्न बी असं लाल अक्षरात आलंय. नेटवर वाचलं की २५.५च्या खाली असेल तर धोका, आमचं तर पाचाने खाली आहे, झोप उडालीय. ओळखीतले एकजण म्हणतात कण मोठे करायच्या कॅप्सूल मिळतात. त्या घेऊ का? ही टेस्ट दर तीन महिन्यांनी करायची का? आणि नारळ बंद करू का?"

ताई, आधी झोपेचं बघू. २०.१ आणि २५.५ हे दोन आकडे एका मापाचे नाहीतच, त्यामुळे ते एकमेकांतून वजा करायचे नाहीत. २५.५ ही रेघ जेल पद्धतीची आहे, आणि तुमच्या रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पद्धत एनएमआर, म्हणजे चुंबकाच्या मदतीने कण मोजायची, असं लिहिलंय (फोटो झूम करून बघितला मी). एनएमआरमध्ये तोच कण मुळातच चार-पाच नॅनोमीटरने लहान मोजला जातो आणि तिथली रेघ २०.५ची आहे. आयन मोबिलिटी म्हणून तिसरी एक पद्धत आहे, तिच्यात ही रेघ बावीसच्या आसपास येते. म्हणजे भावोजींचे कण लहान गटात आहेत हे खरं, पण रेघेच्या जरासेच खाली. पाचाने वगैरे नाही. लॅबने हे रिपोर्टवर ठळक छापायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण माणसं नेटवर जाऊन भलत्याच आकड्याशी तुलना करतात आणि रात्र रात्र जागतात.

आता हे कण म्हणजे काय आणि त्यांची साइज मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं ते सांगते, कारण ते कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं तिथेच मिळतात. मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट आहे, मुंबईत बरीच वर्षं लॅबमध्ये रक्तातले हेच कण वेगळे करायचं काम केलं, त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलते, सांभाळून घ्या.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून लिव्हर ही चरबी गोल कणांत बांधून पाठवतं, आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल, बाहेरून प्रोटीनचं आणि फॉस्फोलिपिडचं आवरण. हेच लायपोप्रोटीन. सगळ्यात मोठे आणि हलके ते व्हीएलडीएल, मग एलडीएल, आणि सगळ्यात लहान आणि जड ते एचडीएल. चरबी जास्त तितका कण मोठा आणि हलका, प्रोटीनचा वाटा जास्त तितका लहान आणि जड, या एका गोष्टीवर कण वेगळे करायचं सगळं शास्त्र उभं आहे.

१९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कलीला जॉन गॉफमन नावाचे डॉक्टर-शास्त्रज्ञ होते, आधी अणुसंशोधनात काम केलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लाझ्मामध्ये, म्हणजे पेशी काढल्यावर रक्तातला जो पिवळसर द्रव उरतो त्यात, मीठ घालून त्याची घनता वाढवली आणि तो अल्ट्रासेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब प्रचंड वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवला. एरवी सेंट्रीफ्यूजमध्ये जड वस्तू तळाला बसते, इथे उलट, हे कण भोवतीच्या खारट द्रवापेक्षा हलके असल्याने वर तरंगत येतात, आणि कोण किती वेगाने वर येतो त्यावरून त्यांचे गट पडतात. १९५०मध्ये त्यांनी हे छापलं आणि तेव्हाच सांगितलं की नुसतं टोटल कोलेस्टेरॉल बघून भागणार नाही, ते कोणत्या कणांत आहे हे बघा, हार्टचा आजार झालेल्यांमध्ये काही ठरावीक गटाचे कण जास्त सापडतात. तेव्हा लोकांनी फार मनावर घेतलं नाही. आज तुमच्या साध्या रिपोर्टवर एलडीएल-एचडीएल असे वेगळे रकाने असतात ते तिथूनच आलेत.

आम्ही लॅबमध्ये करायचो ते याच पद्धतीचं पुढचं रूप. प्लाझ्मात पोटॅशियम ब्रोमाइड घालून घनता नेमकी जुळवायची, ट्यूबमध्ये त्यावर कमी घनतेचे थर अलगद चढवायचे, आणि मिनिटाला चाळीस-पन्नास हजार फेऱ्यांनी कित्येक तास फिरवायचं, तेही व्हॅक्यूममध्ये, कारण हवेच्या घर्षणाने रोटर, म्हणजे ट्यूब बसवायचं चाक, तापतो. रोटर थांबला की ट्यूब अजिबात न हलवता बाहेर काढायची. उजेडात धरली की वर पांढुरका थर दिसतो तो व्हीएलडीएल, त्याच्या खाली स्वच्छ नारिंगी-पिवळा पट्टा तो एलडीएल, आणि आणखी खाली फिकट पसरलेला एचडीएल. एलडीएलचा तो रंग जेवणातल्या कॅरोटीनचा, गाजर, पपई, आंबा यातून येतं ते. ज्याचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं असायचं त्याची ट्यूब बघताक्षणी ओळखू यायची, वरचा थर दाट, आणि एलडीएलचा पट्टा नेहमीच्या जागेपेक्षा खाली सरकलेला, कारण त्याचे कण लहान आणि जड झालेले. भावोजींच्या रक्ताची ट्यूब बहुतेक अशीच दिसली असती.

जेल पद्धत त्यानंतरची. तिच्यात जेलची भोकं वरून खाली बारीक बारीक होत जातात, वीज सोडली की मोठे कण आधीच अडकतात, लहान कण खालपर्यंत पोचतात, मग रंग देऊन पट्टे कुठे थांबले ते मोजायचं. बर्कलीच्याच रोनाल्ड क्रॉस यांच्या गटाने याने एलडीएलचे आतले प्रकार मोजले, मोठे कण जास्त असले की पॅटर्न ए, लहान जास्त असले की पॅटर्न बी. १९८८मध्ये मेलिसा ऑस्टिन, क्रॉस आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेली १०९ माणसं आणि न आलेली १२१ अशी तुलना छापली, तर पॅटर्न बीवाल्यांमध्ये धोका तिप्पट निघाला. नेटवर तुम्ही वाचलं त्याचं मूळ बहुतेक इथे आहे. पण त्याच पेपरमध्ये हेही होतं की या धोक्यात ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलचा हात आहे, आणि हे वाक्य नेटवरचे लेख गाळून टाकतात.

का, ते सांगते. ट्रायग्लिसराइड वाढलं की व्हीएलडीएल आपली चरबी एलडीएलला देतं आणि बदल्यात त्याचं कोलेस्टेरॉल घेतं, मग ती नवी चरबी लिव्हरचं एक एन्झाइम कातरून काढतं आणि मागे उरतो लहान, घट्ट एलडीएल कण. एचडीएलच्या बाबतीतही हेच होतं म्हणून तेही घटतं. म्हणजे ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३४ आणि पॅटर्न बी हे तीन वेगळे आजार नाहीत, एकाच बिघाडाची तीन टोकं आहेत, आणि पहिली दोन तुमच्या गावच्या लॅबच्या साध्या रिपोर्टमध्ये दिसतच होती. आपल्याकडे हा प्रकार खूप आहे, पोट सुटलेलं, शुगर सीमेवर, आणि एलडीएल बघावं तर 'नॉर्मल'.

आता मुख्य गोष्ट, इथे जरा थांबून वाचा आणि भावोजींनाही वाचायला द्या. रिपोर्टमधलं एलडीएल ११४ म्हणजे कणांची संख्या नव्हे, त्या कणांत भरलेल्या कोलेस्टेरॉलचं वजन. पेटीचा हिशोब देवगडात कोणाला शिकवायला नको. फळ मोठं असलं की पेटीत चार डझन बसतं, बारीक असलं की त्याच पेटीत सहा-सात डझन, वजन जवळपास तेच पण नग किती वाढले. तसंच एलडीएलचं. कण लहान असले की ११४ वजनाला कण जास्त लागतात, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून अडकतो तो कण, एकेक करून. जितके कण जास्त तितके जास्त घुसणार. शिवाय लहान कण रक्तात जास्त वेळ फिरत राहतात, कारण लिव्हरचे रिसेप्टर, म्हणजे कण पकडून आत घेणारे हात, त्यांना नीट पकडत नाहीत. तेव्हा भावोजींचं ११४ हे ११४पेक्षा वाईट आहे. आणि खरं सांगायचं तर नुसतं ११४ सुद्धा नॉर्मल नाही, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४मध्ये भारतीयांसाठी ज्या गाइडलाइन्स काढल्या त्यात धोका कमी असलेल्या माणसासाठीसुद्धा एलडीएल १००च्या खाली म्हटलंय आणि धोका जास्त असेल तर ७०च्या खाली. आणखी एक, ११४ हा आकडा बहुतेक मोजलेलाच नाही, हिशोबाने काढलेला आहे, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केला की येतो, १९६ वजा ३४ वजा ४८, करून बघा. ट्रायग्लिसराइड जितकं वाढेल तितका हा हिशोब कच्चा होत जातो, ४००च्या वर तर चालतच नाही.

मग साइज महत्त्वाची की संख्या, यावर आमच्या क्षेत्रात कितीतरी वर्षं वाद झाला. ज्यांच्या घराण्यात जन्मतःच एलडीएल प्रचंड असतं, एफएच म्हणतात त्याला, त्यांचे कण बऱ्याचदा चांगले मोठे असतात, आणि तरी त्यांना तरुणपणी अटॅक येतात. मोठे कण निरुपद्रवी असते तर असं झालंच नसतं. पुढे अमेरिकेतल्या मेसा नावाच्या मोठ्या अभ्यासात मानेच्या रक्तवाहिनीची जाडी बघितली तर लहान आणि मोठे दोन्ही कण, संख्येचा हिशोब धरला की, जाडी वाढण्याशी जोडलेले निघाले. म्हणून मी आता कोणालाही साइजची टेस्ट सुचवत नाही. ज्या कामात उमेद घातली त्याबद्दल हे म्हणतेय, पण कण वेगळे करण्याच्या त्या सगळ्या खटाटोपातूनच तर संख्येचं महत्त्व कळलं, आणि संख्या मोजायला आता तो खटाटोप लागत नाही. व्हीएलडीएल असो की एलडीएल, प्रत्येक कणावर अपोबी नावाच्या प्रोटीनचा एकच रेणू असतो, एक कण एक अपोबी. अपोबी मोजलं की कण मोजले. साधी टेस्ट आहे, तुमच्या त्या पॅकेजपेक्षा बरीच स्वस्त. आणि तेवढेही पैसे नको वाटले तर टोटलमधून एचडीएल वजा करा, नॉन-एचडीएल म्हणतात, फुकटात निघतं. भावोजींचं १६२ येतं. ते कमीत कमी १३०च्या खाली हवं, आणि त्यांच्या घरातला इतिहास बघता डॉक्टर कदाचित १००च्या खाली म्हणतील.

त्यामुळे दर तीन महिन्यांनी ती महागातली टेस्ट, नाही, अजिबात नको. त्या पैशात एकदा, फक्त एकदाच, लायपोप्रोटीन-ए ही टेस्ट करा, एलपी-ए म्हणतात. हा एलडीएलसारखाच कण असतो, वर एक जास्तीचं प्रोटीन चिकटलेलं, नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३मध्ये शोधला. तो किती असणार हे बहुतांशी जन्मतःच ठरतं, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजलं की बहुतेकांना पुरतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. सासरे ५४, दीर ४९, असं ज्या घरात आहे तिथे हा आकडा माहीत नसणं मला खटकतं. तुमच्या त्या एवढ्या मोठ्या पॅकेजमध्ये मी शोधलं, सगळं आहे आणि हाच नाही.

कॅप्सूलबद्दल. 'कण मोठे करायच्या' म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा नायसिन असतं, म्हणजे बी-३ व्हिटॅमिन, मोठ्या डोसमध्ये. नायसिनने कण खरंच मोठे होतात, एचडीएल पण वाढतं, रिपोर्ट बघून माणूस खूश होतो. पण स्टॅटिन (एलडीएल कमी करायची नेहमीची गोळी) चालू असलेल्या लोकांना ते देऊन बघितलं तर अटॅक कमी झाले नाहीत. एम-हाय नावाची ट्रायल २०११मध्ये मध्येच थांबवावी लागली, आणि त्यानंतरच्या एचपीएस-२ थ्राइव्हमध्ये २५ हजारांवर माणसं होती, तिथेही फायदा नाही, उलट शुगर बिघडणं, इन्फेक्शन, रक्तस्राव असे त्रास वाढले. साइजचा आकडा सुधारला पण माणसाला फायदा झाला नाही, याच्याहून स्पष्ट उत्तर साइजच्या मागे लागणाऱ्यांना मी देऊ शकत नाही. त्या गृहस्थांना नम्रपणे नाही सांगा.

आणि जी गोळी कपाटात पडून आहे, ती स्टॅटिन आहे (चिठ्ठीचा फोटो बघितला), तिने लिव्हरवरचे रिसेप्टर वाढतात आणि रक्तातले कण ओढून घेतले जातात, म्हणजे थेट संख्या कमी होते. काहींना अंग दुखतं, काहींची शुगर किंचित वाढते, तसं काही वाटलं तर डॉक्टरांना सांगायचं, ते डोस किंवा गोळी बदलतात, आपणहून बंद करायची नाही. भावोजी, 'माका काय्येक जाला नाय' हे तुमचं म्हणणं मला पटतं, काही होत नाहीच, भिंतीत कण साठताना दुखत नाही, तुमच्या थोरल्या भावालाही स्टेंट बसायच्या आधी बहुतेक काही झालेलं नव्हतं. विचारा त्यांना.

खाण्याचं. नारळातल्या चरबीने एलडीएल वाढतं, आणि हो, त्यातले मोठे कण जास्त वाढतात, म्हणून हल्ली काहीजण सांगतात की मोठे कण चांगले तेव्हा खोबरेल खुशाल खा. वर एफएचचं सांगितलं ते आठवा, मोठे कण काही माफ नाहीत. पण कोकणात राहून नारळ बंद करा असं मी म्हणणार नाही, ते कोणाला जमतही नाही. आमटीत, कालवणात वाटप निम्म्यावर आणा, खोबरेलात तळणं सोडा, सोलकढी रोज वाटीभर न घेता कधीतरी घ्या. भावोजींच्या केसमध्ये नारळापेक्षा मोठा गुन्हेगार ताटातला भात आहे, आणि साखरेचा चहा, आणि संध्याकाळची बसायची सवय असेल तर ती (पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण सिझन संपला की काय चालतं ते मला माहीत आहे). दारूने आणि पीठ-साखरेने ट्रायग्लिसराइड चढतं आणि तिथूनच कण लहान व्हायला सुरुवात होते. भात अर्धा करा, त्या जागी कुळथाची पिठी, वाल, मूग, भाजी, आणि बांगडा, तारली भरपूर खा, पण रवा लावून तेलात सोडून नाही, तव्यावर थोड्या तेलात किंवा तिखल्यात. वजन पाच-सहा किलोने उतरलं तरी ट्रायग्लिसराइड चांगलंच खाली येतं, काही आठवड्यांतच दिसतं. कमरेचा घेर मोजा, आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर नको. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट) करून घ्या, बीपी बघा, आणि तंबाखू असेल तर ती आजच बंद, यात हळूहळू वगैरे काही नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी लिहिते. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, असं कधीही झालं तर पित्त झालं म्हणून ओवा-सोडा देत बसू नका, रात्र असली तरी १०८ला फोन करा आणि जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे आधी न्या, थेट कोल्हापूर किंवा गोव्याचा रस्ता धरू नका. गाठ विरघळवायचं इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल तितकं हृदय वाचतं आणि आपल्याकडच्या घाटात आणि वळणांत तास कसा जातो ते तुम्हाला ठाऊक आहे.

तर आता डॉक्टरांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट न्या, सासऱ्यांचं आणि दिरांचं वय चिठ्ठीवर लिहून न्या, आणि विचारा की नॉन-एचडीएल किती खाली आणायचंय आणि अपोबी, एलपी-ए करू का. गोळी सुरू झाली की दीड-दोन महिन्यांनी साधं लिपिड प्रोफाइल परत करा, तुमच्याच गावच्या लॅबमध्ये, दरवेळी तीच लॅब. एलपी-ए दिरांचंही करायला सांगा, आणि दोघांपैकी कोणाचंही जास्त आलं तर मुलांचं आणि नणंदांचंही बघावं लागेल. रिपोर्ट आले की फोटो पाठवा, या वेळी खालचा कोपरा नीट दिसेल असा काढा.